आत्याचा पिवळा

ती. सौ. आत्यास,

ठिणगीचा साष्टांग नमस्कार. (आठातलं एक अंग, म्हणजे डावं कोपर, सध्या जमिनीला टेकत नाही. ते का, हे पुढे येईल. तूर्त सात अंगांवर भागवून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला गेला का, की आता तो घरचाच झाला? इकडे सगळे ठीक. आई ठीक आहे, बाबा ठीक आहेत असं आईकडून कळतं, आणि भिंतही आता ठीक आहे. पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तू आधी खुर्चीत बसतेस आणि मग पाकीट फोडतेस, असं काका म्हणत होते. बस, पण घाबरू नकोस. मागच्या पत्रात कॉलेज सोडल्याची एक ओळ होती, त्याच्या मागच्यात वसतिगृहाचा रखवालदार होता. या वेळी नुसती भिंत आहे.

कॉलेजची हकीकत तुला आईने कळवली असेल, तर ती एकतर्फी आहे. खरी अशी: प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत नळीतून थेंब थेंब सोडत राहायचं आणि खालच्या भांड्यातलं पाणी फिकट गुलाबी झालं की थांबायचं. सर म्हणाले, झालं गुलाबी, थांब. मी म्हणालो, हे गुलाबी नाही, ही गुलाबीची नुसती अफवा आहे. ते म्हणाले, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी हा रंग बघतोय. मी म्हणालो, मग आता डोळे तपासून घ्यायला हवेत. (हे बोलू नये, हे मला तोंडातून बाहेर पडताना कळत होतं. पण तुला माझं तोंड ठाऊक आहे; ते गाडीचं नाही, उताराचं आहे, त्याला ब्रेक नसतो.) मग मी ते भांडं बेसिनमध्ये रिकामं केलं आणि जो बाहेर पडलो तो थेट घरी. तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. म्हणजे बोलतात, पण आईमार्फत. मी समोर बसलेलो असतो आणि ते आईला म्हणतात, त्याला विचार पंखा बंद करायचा का. आई माझ्याकडे बघते, मी पंखा बंद करतो, आई त्यांना सांगते, केला. अशा कारभारात आई बिचारी पोस्ट ऑफिस होऊन बसली आहे.

त्यात नळवाला आला. बैठकीच्या खोलीत भिंतीतून पाणी झिरपत होतं, ते शोधायला त्याने बाबांच्या खुर्चीच्या बरोबर समोर भिंत फोडली. पाणी त्याला भलतीकडेच, मोरीच्या मागे सापडलं, पण इकडे भिंतीवर सिमेंटचा एक करडा डाग राहिला, बसकण मारलेल्या म्हशीएवढा. बाबा रोज पेपर खाली घेतला की त्यांना म्हैस दिसायची. शेवटी एके सकाळी ते आईला म्हणाले, त्याला सांग, भिंत पहिल्यासारखी कर म्हणावं. एवढी एक गोष्ट तरी शेवटाला नेतो का बघू. नाही नेली, तर नवं सत्र सुरू झालं की त्याच सरांसमोर जाऊन माफी मागायची आणि पुन्हा तेच भांडं हातात धरायचं. आईने हे मला सांगायला तोंड उघडलं, तेव्हा मी म्हणालो, ऐकलं. बाबा म्हणाले, त्याला म्हणावं ऐकलं असेल तर ऊठ.

आता ती भिंत म्हणजे कुठली भिंत, हे तुला सांगायला नको. आपल्या घरात त्या रंगाला दुसरं नावच नाही. आई परवाही म्हणाली, उशीचे अभ्रे आत्याच्या पिवळ्याला शोभतील असे आण. मी तेव्हा टेबलाच्या उंचीचा असेन, पण मला ते सगळं आठवतं. रंगांचं कार्ड तू घरभर घेऊन फिरायचीस. सकाळी खिडकीशी धरायचीस, दुपारी जिन्यात, संध्याकाळी दिव्याखाली. वेणी घालताना ते आरशाच्या चौकटीत खोचून ठेवायचीस, आणि मी मागे उभा राहून पाढे म्हणता म्हणता तोंडं वेडावायचो, ती तुला आरशात दिसायची. (तू आरशातूनच डोळे वटारायचीस. मला बरेच दिवस वाटत होतं की तुला मागेही डोळे आहेत.) शेवटी एकदा तिन्हीसांजेला तू त्या कार्डावर बोट ठेवून म्हणालीस, हा. दिवा लावायच्या आधी थोडा वेळ हा रंगच दिव्याचं काम करील. बाबा डबा आणायला गेले आणि दुसऱ्याच कंपनीचा घेऊन आले. दुकानदाराने त्यांना पटवलं होतं की तसाच आहे. तू उंबऱ्यातच डबा उघडलास, आत पाहिलंस, आणि म्हणालीस, धाकट्या, तसाच म्हणजे तो नव्हे. आणि बाबा, ज्यांच्यापुढे आम्ही आज श्वासही विचारून घेतो, ते मुकाट्याने डबा उचलून परत चालते झाले. माझ्या आयुष्यातल्या सुखद आठवणींपैकी ही एक आहे.

मग त्यांनी आणलेला तो खरा डबा अजून आहे. गच्चीवर आई त्यात कपड्यांचे चिमटे ठेवते. पण त्यावरचा नावाचा कागद उन्हापावसाने गेला आहे, आणि चौकशी केली तर कळलं, ती कंपनीही गेली. म्हणजे रंग आपल्याकडे आहे आणि त्याचं नाव कुणालाच माहीत नाही. मग मी नमुन्याला भिंतीचा पोपडा काढायचं ठरवलं. आई म्हणाली, दिसेल अशा जागी खरवडू नकोस, आधीच एक म्हैस आहे. म्हणून मी तुझा आरसा खाली उतरवला. आत्या, तू सासरी गेल्यापासून तो आरसा कुणी हलवलाच नव्हता. त्याच्या मागे भिंतीवर एक चौकोन होता, इतका ताजा, की मला उगाचच वाटलं तू आतल्या खोलीतून हाक मारशील. मी त्या चौकोनाच्या कडेचा नखाएवढा पोपडा काढला, आगपेटीत कापसावर ठेवला, आरसा परत लावला आणि बाजार गाठला.

पहिल्या दुकानातल्या गृहस्थांनी आगपेटीत डोकावून सांगितलं, आमच्या कंपनीत हा रंग नाही. मी विचारलं, मग कुठे मिळेल? ते म्हणाले, आमच्या कंपनीत नाही म्हणजे असा रंगच नाही. (मी काय बोललो ते लिहीत नाही. काका पत्र वाचतात.) दुसऱ्या दुकानात मोठा विद्वान माणूस होता. कुठल्या कंपनीचा कुठला रंग म्हणजे आपल्या कंपनीचा कुठला, हे त्याला तोंडपाठ होतं. त्यांचं लोणी म्हणजे आमची वाळू, त्यांची वाळू म्हणजे आमचं ताक. त्याने दिलेली वाळू दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पोपड्याशी सख्ख्या भावासारखी जुळली. घरी आणून उन्हात उघडली तर हिरवीगार. मी परत गेलो. तो म्हणाला, मग ट्यूबलाइटमध्ये बसा. त्यानंतर त्याच्या दुकानातलं एक स्टूल पडलं, पण ते आधीच डुगडुगत होतं. तिसऱ्या दुकानात सगळ्या रंगांची नावं भावनाप्रधान होती: निवांत, माहेर, रविवार. मला माहेर हवं होतं, ते संपलं होतं. रविवार भरपूर होता. रविवार मी घरी लावून पाहिला, सोमवारसारखा दिसला.

आणि मग बाजाराच्या शेवटी, काचवाल्याच्या शेजारचं दुकान. तिथे रंग मिसळायचं मशीन आहे, मशीनमागे एक मुलगी आहे, आणि पुढे पेपर धरून तिचे काका बसतात. आत्या, तू खुर्चीत बसली आहेस ना? तिच्या केसांत पेन्सिल खोचलेली होती. बोटांच्या पेरांवर जगातले सगळे वाळलेले रंग होते, अगदी कडेकडेला, कितीही धुतले तरी राहतात तसे. तिने आगपेटी उघडली आणि हसली नाही. (आधीचे तिघेही हसले होते.) रंग मोजायचं डबीएवढं एक यंत्र तिने पोपड्यावर टेकवलं, मग मशीनने थेंब थेंब रंग सोडला. नळीतून, आत्या, थेंब थेंब! आणि मशीन आपणहून थांबलं. कुणी कुणाला थांब म्हणालं नाही, कुणाचं भांडण झालं नाही. मला कॉलेजची चार वर्षं तिथे एका मिनिटात पार पडल्यासारखी वाटली. डबा गदागदा हलवून झाल्यावर तिने झाकणाला एक ठिपका लावला आणि तो केस वाळवायच्या यंत्राने वाळवला. त्या गरम वाऱ्याची एक झुळूक माझ्या कानाला लागली, आणि तिथे तुझ्या भाच्याचा निकाल लागला.

तिने विचारलं, "हा तुकडा भिंतीच्या कुठून काढलात?"

मी म्हणालो, भिंत म्हणजे भिंत, तिला कुठून काय असतं.

"आरशामागचा, कपाटामागचा नाही ना? उघड्या जागेचा आणा."

आता हे तिला कसं कळलं, या विचाराने माझं डोकं फिरलं, आणि फिरलेलं डोकं जे बोलतं ते मी बोललो. मला शिकवू नका, आमच्या घरची भिंत मला ठाऊक आहे, तिच्यासमोर मी पाढे शिकलो, वगैरे. ती मशीनला टेकून ऐकत राहिली. मी दमलो तेव्हा म्हणाली, "झालं बोलून? मग डबा धरा."

घरी आणून म्हशीच्या कडेला एक हात मारला. वाळला, आणि पुसट झालेल्या जुन्या वहीत कुणी एकच ओळ ताज्या शाईने लिहावी तसा दिसू लागला. मी ताडताड परत गेलो. तिने शांतपणे पोपडा मागितला आणि झाकणावरच्या ठिपक्यावर ठेवला. पोपडा नाहीसा झाला. खरंच, दिसेना, शेवटी नखाने चाचपून काढावा लागला. ती म्हणाली, तुकडा जुळतोय. मी म्हणालो, भिंत जुळत नाही. ती म्हणाली, मग भिंत घेऊन या. पेपरामागून काकांचा खांदा हसला. मला संतापायचं होतं, तयारीही झाली होती, पण ऐन वेळी मीच हसलो. असं माझ्या बाबतीत यापूर्वी झालेलं नाही.

त्यानंतर जाणं-येणं सुरू झालं. मी लहान डबी आणायची, बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर रंग लावायचा, पुठ्ठा भिंतीशी धरून सकाळी, दुपारी, संध्याकाळी बघायचा (तुझीच पद्धत), आणि दुसऱ्या दिवशी जाऊन तिला दोष सांगायचा. एक हिरवट होता. एक मातकट. एक तसा बरा होता, पण संध्याकाळी उदास व्हायचा. ती सगळं गंभीरपणे ऐकून घ्यायची, उदास म्हणजे किती, असंही विचारायची, मग माझ्याकडे पाठ करून मशीनची बटणं दाबायची आणि नवी डबी द्यायची. अधूनमधून मी तिला तुझ्याबद्दल सांगायचो. कार्डाचं सांगितलं, आरशाचं सांगितलं, बाबांना उंबऱ्यावरून परत पाठवल्याचं सांगितलं, तेव्हा ती पेन्सिल काढून केस पुन्हा बांधत म्हणाली, तुमच्या आत्याला मशीनवर बसवायला पाहिजे.

पण माझी पंचाईत तुझ्या लक्षात येते का? भिंत जुळली नाही, तर सरांची माफी आणि गुलाबी पाणी. भिंत जुळली, तर त्या दुकानात जायला मला काय तोंड? नव्या सत्राची तारीख जवळ येत होती. बाबा रोज पेपर खाली घ्यायचे, म्हशीकडे बघायचे, पुठ्ठ्यांच्या रांगेकडे बघायचे, आणि पेपर वर घ्यायचे. आई म्हणायची, चुना फासा आणि मोकळे व्हा.

एका रविवारी बाबा उठले. मी पुठ्ठे लावत होतो. ते माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सगळे एकच आहेत."

आई चपापून बाहेर आली. कारण वाक्य तिच्यामार्फत गेलं नव्हतं.

मी म्हणालो, नाही बाबा, हा हिरवट आहे. ते म्हणाले, कोणता? हा. बरं, तोंड फिरव. मी तोंड फिरवलं. मागे पत्ते पिसल्यासारखा आवाज झाला. आता सांग कोणता हिरवट. मी बोट ठेवलं. त्यांनी पुठ्ठा उलटा केला. तो उदास होता. (मागे मीच पेन्सिलने लिहून ठेवलं होतं.) पुन्हा तोंड फिरवलं, पुन्हा चुकलो. बाबा म्हणाले, हे तुझं गुलाबीसारखंच. आणि आत्या, ते हसले. मग त्यांनी तुझा आरसा उतरवला, पुठ्ठा त्या चौकोनावर धरला आणि तो चौकोनात विरघळला. मग म्हणाले, रंग बरोबर आहे रे. भिंत उडाली आहे. रोज समोर असते ना, म्हणून कळलं नाही. मी म्हणालो, मग उडालेल्या भिंतीशी जुळवून आणतो. ते म्हणाले, काही नको. पहिल्यासारखी म्हणालो होतो मी. ही पहिल्यासारखी आहे. सगळी खोली याने रंगवून काढ.

मी तसाच दुकानात गेलो. काका पेपरामागे होते. मी तिला विचारलं, सगळे डबे एकच होते?

"हो."

"पहिल्यापासून?"

"पहिलाच जुळला होता. तुम्ही नाही म्हणालात. मग मी तोच देत राहिले."

मी म्हणालो, ही फसवणूक आहे, ग्राहकाशी असं वागतात का, मी तक्रार करीन. मी अजून बरंच बोलणार होतो. तिने विचारलं, "कुणाकडे?" मी काकांकडे पाहिलं. काका पेपर न हलवता म्हणाले, मी वाचतोय. मग ती म्हणाली, तुम्ही हिरवट कशाला म्हणालात? मी नुसतं म्हणालो, मोठे डबे द्या, सगळी खोली रंगवायची आहे. ती म्हणाली, तोच ना? मी म्हणालो, तोच.

खोली मी एकट्याने रंगवून काढली. सामान मध्ये ओढून त्यावर चादरी टाकल्या, आणि त्या चादरींखाली तुझी गोल पाठीची खुर्ची ओळखू यायची. शेवटचा डबा पोचवायला ती काकांबरोबर घरी आली. मी शिडीवर होतो. ती दारात उभी राहिली आणि खोलीभर बघत म्हणाली, अच्छा, हा तो. मी बघायला वळलो, आणि शिडी वळली नाही. कोपराचं ते असं. ती धावत आली आणि आधी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, भिंतीला काही झालं नाही ना? आईला ती त्याच क्षणी आवडली.

काल काम पुरं झालं. संध्याकाळी दिवा न लावता आम्ही तिघं बसलो होतो. बाहेर अंधारत होतं आणि खोलीत अजून थोडा उजेड होता, तू म्हणाली होतीस तसा. आपण सगळे तेव्हा किती लहान होतो, अगदी बाबासुद्धा. आई दिवा लावायला उठली, तर बाबा म्हणाले, थांब जरा. तुझा आरसा पुन्हा जागेवर लावला आहे. आता त्याच्या मागे आणि बाहेर एकच रंग आहे. सांगायला अभिमान वाटतो की मी एक गोष्ट शेवटाला नेली, पूर्ण, कोपऱ्या-कोपऱ्यासकट. बाबांनी माफीचा विषय काढलेला नाही.

काकांना नमस्कार. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझा,
ठिणगी

ता. क. बाबांच्या परीक्षेत मी नापास झालो ते खरं, पण सगळे एकच आहेत हे मला दुसऱ्या डबीपासून दिसत होतं; मला वाटायचं, तिच्या मशीनलाच फरक जमत नाही. हिरवट काहीच नव्हतं. दुकानात मला राग आला तो एवढ्याचसाठी, की फसवणारा मी एकटाच आहे अशी माझी समजूत होती.

आ. ता. क. तू ये. गुडघे घेऊन ये, पण ये. भिंत बघायला म्हणून ये, आणि मग तुला उशीच्या अभ्र्यांसाठी बाजारात जायचंच असेल, तर बाजाराच्या शेवटी काचवाल्याच्या शेजारी जरा टेक. तिच्या काकांशी मोठ्या माणसाने बोलायला हवं, आणि बाबांना ते सुचवायचं तर पुन्हा आई पोस्ट ऑफिस होईल. धाकट्याला कसं सांगायचं, ते तुला येतं. मला पुढच्या महिन्यापासून त्या दुकानात कामाला ठेवून घेतायत, हेही बाबांना तूच सांग. पत्र टाकायला बाबांकडे देतो आहे. पाकीट बंद करायला डिंक सापडत नाही, पण ते दुसऱ्याची पत्रं वाचत नाहीत.

(खाली, वेगळ्या अक्षरात)

ताई, पाकीट उघडं होतं. वाचलं.

खोली चांगली झाली आहे. तू म्हणायचीस, तसाच म्हणजे तो नव्हे. हा तोच आहे, तू येऊन बघ. बाकी पोरगा पूर्ण म्हणतो ते खरं नाही. बैठकीचं दार सदा उघडं असतं म्हणून दिसत नाही. काल रात्री कडी लावायला दार लोटलं, तर त्याच्या मागची हातभर पट्टी तशीच सोडलेली. सकाळी त्याच्या आईला विचारत होता, बाजारातून काही आणायचं आहे का.

दार उघडंच ठेवतो आहे. तू लवकर ये.

धाकटा